एकच गिऱ्हाईक

गोष्ट १९९३ सालची. मी तेव्हा अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीजवळच्या एका बँक शाखेत कर्ज विभागात होतो. भर पावसाळ्यातली दुपार होती. साठीच्या घरातले एक गृहस्थ निथळती छत्री दाराशी ठेवून आत आले आणि त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणलेला एक कागद माझ्या टेबलावर ठेवला. कागदावर पेटंट कार्यालयाचा शिक्का होता.

मुंबईच्या गोदीत उमेदवारी करून पुढे स्वतःचा छोटा कारखाना काढलेला हा माणूस. जहाजाचा पंखा फिरवणारा दांडा तळातून जिथे बाहेर जातो, तिथून समुद्राचे पाणी आत शिरू नये म्हणून एक सील लागते. त्या सीलमध्ये त्यांनी काही नवी युक्ती केली होती. नमुना एका सरकारी कार्यालयात चाचणीसाठी दिला होता आणि उत्तराची वाट पाहणे चालू होते. तोवर कारखाना चालू ठेवायला त्यांना खेळते भांडवल हवे होते.

"साहेब, जागा भाड्याची आहे. लेथ आणि मिलिंग मशीन आधीच तुमच्याकडे गहाण आहेत. घर वडिलोपार्जित, चार भावांचं. माझं एकट्याचं म्हणावं असं हे एवढंच आहे."

"पण काका, हे विकत कोण घेणार?"

"नौदल घेईल. नाहीतर त्यांची जहाजं बांधणारे घेतील. आणखी कोण घेणार?"

"आणि त्यांनी नाही घेतलं तर?"

ते थोडे हसले. म्हणाले, "मग तुम्हीच सांगा साहेब, याची किंमत ठरवायची कुणी?"

मी प्रस्तावावर शेरा मारला : पुरेसे तारण नाही. नियमाप्रमाणे तो बरोबर होता. जमीन, इमारत, यंत्रे, मुदतठेवीची पावती, विमा पॉलिसी, सोने या सगळ्यांची किंमत काढायचे कोष्टक आमच्याकडे होते. कल्पनेची किंमत काढायचे कोष्टक नव्हते.

निवृत्तीनंतर कादंबऱ्या लिहिताना बँकेतली अनेक माणसे मला आठवली आणि कागदावर उतरली. हे गृहस्थ मात्र उतरले नाहीत. ते आठवले ते एका बातमीमुळे. ३० डिसेंबर २०२४ रोजी संरक्षण मंत्रालयाने पाणबुड्यांसाठी सुमारे २,८६७ कोटी रुपयांचे दोन करार केले. त्यातला सुमारे १,९९० कोटींचा करार आपल्या माझगाव गोदीशी झाला. हवेशिवाय चालणारी ऊर्जायंत्रणा, इंग्रजी आद्याक्षरांनी जिला एआयपी म्हणतात, ती बसवण्यासाठी पाणबुडीचा नवा भाग बांधणे आणि तो जोडणे हे ते काम. या यंत्रणेचे संशोधन झाले ते अंबरनाथलाच, नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळेत.

डिझेलवर चालणाऱ्या साध्या पाणबुडीला बॅटऱ्या भरण्यासाठी अधूनमधून पृष्ठभागाजवळ येऊन नळीने हवा घ्यावी लागते. ती शत्रूला सापडण्याचा मोठा धोका याच वेळी असतो. अंबरनाथच्या यंत्रणेत इंधनघट, म्हणजे फ्युएल सेल, वापरले आहेत आणि त्यांना लागणारा हायड्रोजन पाणबुडीतच तयार करायची सोय आहे. त्यामुळे पाणबुडीला पुष्कळ जास्त दिवस खाली राहता येते. ८ मार्च २०२१ रोजी या यंत्रणेच्या जमिनीवरच्या नमुन्याची महत्त्वाची चाचणी यशस्वी झाली. लार्सन अँड टुब्रो आणि पुण्याची थरमॅक्स हे तिचे उद्योगभागीदार. आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या गावात हे काम व्हावे, याचा कुणालाही अभिमान वाटेल. मलाही वाटला. पण त्यामागोमाग तो प्लास्टिकच्या पिशवीतला कागदही डोळ्यांपुढे आला, आणि लष्करी शोधाची किंमत ठरवायची कुणी, हा प्रश्नही.

मुळात पेटंट म्हणजे काय, ते आधी पाहू. आपल्या शासकीय मराठीत त्याला 'एकस्व' म्हणतात, म्हणजे एकट्याची मालकी. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ मात्र 'उघडे' असा आहे. दोन्ही अर्थ खरे आहेत, कारण पेटंट हा एक सौदा आहे. शोध लावणाऱ्याने आपली युक्ती जगापुढे उघड करायची आणि त्या बदल्यात सरकारने ठरावीक वर्षे तिच्यावर त्याचा एकट्याचा हक्क मानायचा. १९७० च्या आपल्या मूळ कायद्यात ही मुदत सर्वसाधारणपणे चौदा वर्षे होती. आता ती अर्ज केल्यापासून वीस वर्षे आहे. औषध असो, शिवणयंत्र असो की शाईचे पेन, हा सौदा बरा चालतो. गिऱ्हाइके हजारो असतात. एकाने नाही म्हटले तरी दुसरा घेतो आणि बाजार किंमत ठरवतो.

लष्करी शोधाच्या बाबतीत हा सौदा दोन्ही बाजूंनी अडतो. युक्ती उघड केली तर शत्रूही वाचतो आणि गिऱ्हाईक एकच असते, ते म्हणजे सरकार. घ्यायचे की नाही ते सरकार ठरवते आणि गुप्त ठेवायचे की नाही तेही सरकारच ठरवते. पहिली किंमतही तेच सांगते. बाजारात असे गिऱ्हाईक भेटले तर आपण दुकान बंद करून घरी जाऊ. संशोधकाला ती सोय नसते.

ही अडचण काही आपल्याच देशाची नाही. ब्रिटिश हवाई दलातल्या फ्रँक व्हिटल या तरुण अधिकाऱ्याने जानेवारी १९३० मध्ये जेट इंजिनाच्या पेटंटसाठी अर्ज केला. तेव्हा तो अवघा बावीस वर्षांचा होता. हवाई मंत्रालयाने कल्पना अव्यवहार्य ठरवली. मग ती गुप्त तरी कशाला ठेवायची? पेटंट उघड छापले गेले. ज्याला हवे त्याला वाचता येत होते. १९३५ च्या जानेवारीत नूतनीकरणाची फी भरायची वेळ आली. रक्कम होती पाच पौंड. व्हिटलचा संसार पगारावर चाललेला, त्याला ती जड होती. मंत्रालयाने सरकारी पैशातून ती भरायला नकार दिला आणि पेटंट रद्द झाले. पुढे जर्मनीचे पहिले जेट विमान २७ ऑगस्ट १९३९ ला उडाले आणि ब्रिटनचे १५ मे १९४१ ला.

व्हिटलचे काम तगले ते, मला सांगायला संकोच वाटतो, एका भांडवल पुरवणाऱ्या पेढीमुळे. १९३५ मध्ये लंडनच्या फॉक आणि कंपनीतला एक माणूस त्याला भेटला. तो स्वतः विज्ञान शिकलेला होता, त्यामुळे समोरचा काय बोलतो आहे हे त्याला कळले. पेढीने सुरुवातीला सुमारे दोन हजार पौंड घातले आणि १९३६ मध्ये 'पॉवर जेट्स' ही कंपनी उभी राहिली. इंजिन सिद्ध झाल्यावर १९४४ मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली. १९४८ मध्ये व्हिटलला एक लाख पौंडांचे बक्षीस आणि 'सर' ही पदवी मिळाली. शेवट गोड झाला म्हणायचे. पण ज्या वेळी पाच पौंड हवे होते, त्या वेळचे पाच पौंड नंतरच्या लाखाने भरून येतात का? विमानाच्या बाबतीत तरी दोन वर्षे भरून आली नाहीत.

दुसरी कथा नौदलाची आणि तिची नायिका चित्रपटातली. हेडी लामार ही हॉलिवूडची त्या काळची अतिशय देखणी नटी. जन्म व्हिएन्नाचा, पहिला नवरा शस्त्रांचा कारखानदार. त्याच्या घरी चालणाऱ्या शस्त्रांच्या गप्पा तिने ऐकल्या होत्या. १९४० च्या सप्टेंबरात जर्मन पाणबुडीने 'सिटी ऑफ बनारस' हे ब्रिटिश जहाज बुडवले. सुरक्षिततेसाठी कॅनडाला धाडलेल्या नव्वद मुलांपैकी सत्त्याहत्तर मुले त्यात गेली. जहाजावरचे कितीतरी खलाशीही आपले हिंदुस्थानी होते. अशा बातम्यांच्या त्या दिवसांत लामार आणि तिचा संगीतकार मित्र जॉर्ज अँथेल यांनी पाणतीराला, म्हणजे टॉर्पेडोला, रेडिओने दिशा देण्याची नवी पद्धत शोधली. संदेश एकाच लहरीवर न पाठवता क्षणाक्षणाला लहर बदलायची, म्हणजे शत्रूला तो अडवता येणार नाही. पाठवणारा आणि घेणारा यांचा ताल जुळावा म्हणून आपोआप वाजणाऱ्या पियानोतली भोके पाडलेली कागदी पट्टी वापरायची. पियानोच्या पट्ट्या अठ्ठ्याऐंशी, म्हणून लहरीही अठ्ठ्याऐंशी.

११ ऑगस्ट १९४२ ला त्यांना अमेरिकेचे पेटंट मिळाले. नौदलाने यंत्रणा बोजड ठरवून बाजूला ठेवली. लामारला सांगण्यात आले, तू युद्धकर्जाचे रोखे विकायला मदत कर. तिने ते कामही नेटाने केले. पेटंटची मुदत १९५९ मध्ये संपली आणि शोधातून तिला पैसा मिळाला नाही. लहरी बदलत राहण्याचे तत्त्व मात्र पुढे लष्करी रेडिओत रुजले. आज तुमच्या-आमच्या घरात नातवंडांच्या कानात अडकवलेले ब्लूटूथ सेकंदाला सोळाशे वेळा लहर बदलते. याचे सगळे श्रेय लामारला देणे बरोबर नाही, या तत्त्वाला इतरही जन्मदाते आहेत. पण पेटंटचे घड्याळ कसे चालते ते या कथेत दिसते. लष्कर विचार करत असते तेव्हाही मुदतीचा काटा थांबत नाही.

तिसरी कथा उलट दिशेची आहे. लिओ झिलार्ड हा हंगेरीत जन्मलेला शास्त्रज्ञ हिटलरच्या जर्मनीतून निसटून लंडनला आला. १९३३ मध्ये त्याच्या मनात अणूंच्या साखळी प्रक्रियेची कल्पना आली आणि १९३४ मध्ये त्याने तिच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्याला भीती वाटत होती ती ही कल्पना छापली जाण्याची. गुप्ततेसाठी त्याने पेटंट सरकारला देऊ केले. लष्कराच्या वॉर ऑफिसने १९३५ मध्ये कळवले की आमच्या दृष्टीने यात गुप्त ठेवण्यासारखे काही नाही. मग त्याने नौदलाचे दार ठोठावले आणि १९३६ मध्ये नौदलाने ते पेटंट आपल्या नावे घेऊन कुलूपबंद केले. ते छापले गेले १९४९ मध्ये, हिरोशिमानंतर चार वर्षांनी. ज्या कागदात अणुबॉम्बचे बीज होते, त्याची किंमत एका सरकारी कार्यालयाने शून्य ठरवली होती. माझा शेरा आठवून मला या कार्यालयाला फार हसता येत नाही.

आता आपल्याकडे वळू. पेटंट कायद्याचे कलम ३५ सांगते की एखादा शोध संरक्षणाच्या दृष्टीने महत्त्वाचा वाटला, तर नियंत्रक त्याची प्रसिद्धी रोखू शकतो. त्याचा दर सहा महिन्यांनी फेरविचार व्हायचा असतो. कलम ३९ प्रमाणे इथल्या रहिवाशाला परवानगीशिवाय थेट परदेशात पेटंट मागता येत नाही. आधी इथे अर्ज करून सहा आठवडे तरी थांबावे लागते. कलम १०० प्रमाणे सरकार कुठलाही पेटंट घेतलेला शोध स्वतःच्या कामासाठी वापरू शकते. मोबदल्यावर वाद झाला तर उच्च न्यायालयात जायचे. शोध गुप्त ठेवल्यामुळे एखाद्याचे नुकसान झाले, तर कलम ३७ खाली केंद्र सरकार त्याला काही रक्कम देऊ शकते. कायद्याने तिच्यासाठी वापरलेला शब्द सांत्वनाच्या अर्थाचा आहे.

या तरतुदी जुलमी आहेत असे मी म्हणणार नाही. अमेरिकेतही १९५१ पासून असाच कायदा आहे आणि तिथे पाच हजारांहून अधिक शोध गुप्ततेच्या आदेशाखाली आहेत. ज्या देशाच्या सीमा शांत नाहीत त्याने आपली गुपिते छापून वाटावीत, असे कोण म्हणेल? पण भाड्याच्या गाळ्यात दोन लेथ चालवणारा माणूस केंद्र सरकारविरुद्ध उच्च न्यायालयात मोबदला मागायला जाईल, हे कागदावरच खरे. तो वकिलाची फी भरेल की कामगारांचा पगार?

सरकारने स्वतः शोध लावला की चित्र बदलते. विमानवाहू विक्रांतचे पोलाद हैदराबादच्या संरक्षण प्रयोगशाळेने आणि सेलने मिळून इथेच तयार केले आणि २ सप्टेंबर २०२२ ला हे जहाज नौदलात आले. तिथे संशोधक आणि गिऱ्हाईक एकाच घरातले होते. तरीही एआयपीचा हिशेब पाहा. कलवरी वर्गाची पहिली पाणबुडी २०१७ च्या डिसेंबरात दाखल झाली आणि सहावी, वागशीर, २०२५ च्या जानेवारीत. यंत्रणा जोडण्याचा करार झाला तो सहावी दाखल होण्याच्या जेमतेम पंधरा दिवस आधी. म्हणजे आता बांधलेली पाणबुडी कापून मध्ये नवा भाग बसवायचा. घरच्या शोधाला इतकी वर्षे लागतात, तर दारात उभ्या असलेल्या परक्याला किती लागतील? सरकारी प्रयोगशाळा वाट पाहू शकते, तिच्या शास्त्रज्ञांचा पगार होत असतो. खासगी संशोधकाची वीस वर्षे मात्र सरत असतात आणि नूतनीकरणाची फी दरवर्षी भरावी लागते.

सरकारचे लक्षच नाही, असे नाही. २०१८ मध्ये आयडेक्स योजना सुरू झाली. तिच्यातून नवउद्योगांना सुरुवातीला दीड कोटी रुपयांपर्यंत आणि पुढे त्याहून अधिकही अनुदान मिळू लागले. २०१९ मध्ये डीआरडीओने आपली सुमारे ४५० पेटंटे भारतीय उद्योगांना विनामूल्य खुली केली. २०२० मध्ये नौदलाने नव्या शोधांसाठी स्वतंत्र संघटना काढली. ही पावले योग्यच आहेत. जनतेच्या पैशातून झालेले ज्ञान जनतेच्या उद्योगांना मिळाले पाहिजे. बँकांच्या बाजूनेही बदल झाला. २००२ च्या सरफेसी कायद्याने पेटंटसारख्या अमूर्त मालमत्तेलाही तारणाच्या व्याख्येत जागा दिली. माझा १९९३ चा नियम आता कायद्यात उरलेला नाही. तरी आजच्या मॅनेजरचाही पेटंटवर कर्ज लिहिताना हात थरथरेल, आणि मी त्याला दोष देणार नाही. तो लोकांच्या ठेवींचा विश्वस्त आहे. शिवाय नोकरीच्या काळात पाण्यावर मोटार चालवणारे तीन तरी संशोधक मला भेटले. शंभरातल्या नव्वद कल्पना फोलच असतात. नव्वद कोणत्या आणि दहा कोणत्या, हे बँकेला कळत नाही. लष्करी कल्पनेच्या बाबतीत ते एकालाच कळते, त्या एकुलत्या गिऱ्हाइकाला.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की या गिऱ्हाइकाने लवकर बोलावे. नमुना घेतला की निर्णयाची तारीख द्यावी आणि त्या तारखेला लेखी हो किंवा नाही सांगावे. 'नाही' हेही एक उत्तर असते. माणूस मोकळा होतो आणि दुसऱ्या उद्योगाला लागतो. माणसे मरतात ती 'विचाराधीन' या शब्दाने. दुसरे, गुप्ततेचा आदेश लागू असतानाच्या वर्षांची नूतनीकरण फी आपला कायदा आधीच माफ करतो. तीच सवलत सरकारकडे चाचणीत पडलेल्या शोधांनाही द्यावी. सरकारी खजिन्याला त्याने खिंडार पडणार नाही. तिसरे, मोबदला ठरवण्यासाठी उच्च न्यायालयाच्या अलीकडे, घेणाऱ्या खात्याबाहेरच्या जाणकारांचे एखादे मंडळ असावे. आणि चौथे, अनुदानाबरोबर थोडी का होईना, खरेदीची मागणी द्यावी. पेटंटवर कर्ज द्यायला बँक कचरते, पण सरकारी खरेदी-आदेश हातात असला तर तोच मॅनेजर स्वतःहून खुर्ची पुढे करतो. त्याची किंमत त्याला वाचता येते.

हे सगळे लिहिताना मी त्या गृहस्थांना न्याय मिळवून देतो आहे, असा माझा भ्रम नाही. त्यांचे सील चांगले होते की टाकाऊ, हे मला तेव्हा कळले नाही आणि आजही ठाऊक नाही. पुढच्या वर्षी माझी बदली झाली. बँकेतल्या माणसाला बदली ही मोठी सोयीची गोष्ट असते. मागच्या गावातल्या माणसांचे पुढे काय झाले, हे त्याला विचारावे लागत नाही. मी विचारले नाही.

तोच कागद आज माझ्या टेबलावर आला, तर नुसत्या त्या कागदावर मी अजूनही कर्ज देणार नाही. पण 'पुरेसे तारण नाही' एवढे लिहून फाइल बंदही करणार नाही. त्याखाली आणखी एक ओळ लिहीन : अर्जदाराचा नमुना चाचणीसाठी गेला आहे, निर्णयाची तारीख संबंधित कार्यालयाकडून लेखी मागवावी. पत्राला लागणारे तिकीट तेव्हाही बँकेच्याच खर्चाने लावता आले असते.